नसीम आपांचा नांगर

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये नसीम आपांच्या टेबलाचा खण ओढला की खडूच्या आधी हाताला दोरी लागायची. सुती दोरी, नायलॉनची दोरी, कधी नुसती पार्सलची सुतळी. तास नसला की त्या गाठी मारत बसायच्या. बोलणं आमच्याशी, नजर आमच्याकडं आणि हात मांडीवर आपल्या कामात. एखादी गाठ मनासारखी बसली की तिला अंगठ्यानं दाबून म्हणायच्या, "हं, आता ही ऐकेल." मग एक टोक ओढायच्या आणि सगळी गाठ क्षणात सुटून जायची. आम्ही हसायचो. त्या गंभीरपणे सांगायच्या, "हसू नका सुमनबाई. बांधता सगळ्यांना येतं. सोडता आली पाहिजे."

मी मराठी शिकवायचे, आपा भूगोल. मुलींची शाळा, औरंगपुऱ्यातली. तेव्हा शहराला आम्ही सगळे औरंगाबादच म्हणायचो. हजेरीच्या पुस्तकात त्या 'सय्यद बाई' होत्या, पण शिपायापासून मुलींपर्यंत सगळ्या शाळेच्या त्या आपा. उंच, सावळ्या, जाड काचांचा चष्मा, फिकट रंगाची सुती साडी आणि त्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. एकदा मुख्याध्यापिकाबाईंना राहवलं नाही. "सय्यदबाई, गुलमंडीवर इतक्या चांगल्या चपला मिळतात की हो."

"मिळतात ना," आपा म्हणाल्या. "पण बाई, पाण्यात त्या तरंगत पुढं जातात आणि मी राहते मागं."

वर्गात गेल्या की पहिल्यांदा खिडक्या उघडायच्या आणि एका मुलीला उठवून विचारायच्या, "वारा कुठून?" मुलगी गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघून सांगायची, "पश्चिमेकडून, आपा." मग पुस्तक उघडायचं. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी एकदा हाच प्रश्न विचारला होता. साहेब गोंधळून पंख्याकडं बघायला लागले.

आपांचा जन्म शहागंजातला, पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांतला. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पुढं ते धाकट्या भावानं, खालिदनं, चालवलं. पाण्याशी घराण्याचा संबंध नळापुरता. पण लग्न होऊन त्या गेल्या थेट मुरूडला, समुद्रकाठी. नवरा बंदरावर नोकरीला होता. काविळीनं गेला, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. मूलबाळ नव्हतं. हे सगळं आपांनी मला एकदाच सांगितलं, पैठणच्या एसटीत, खिडकीबाहेर बघत.

"इद्दतीचे, नवऱ्यामागं घरात काढायचे, दिवस मी खोलीत होते. ते संपले तरी बाहेर पडायचं मन होईना. सासऱ्यांनी एका शब्दानं काही म्हटलं नाही. एका सकाळी दारात आले न् म्हणाले, 'नसीम, चल, होडीवर हात कमी पडतायत.' खोटं होतं ते. चार माणसं होती होडीवर. पण मी गेले. त्यांनी सुकाणू हातात दिलं आणि स्वतः पाठ करून बसले. दोन वर्षं त्यांच्याबरोबर जात होते मी. वाचले ती तिथंच."

पुढं वडील आजारी पडले म्हणून त्या माहेरी परत आल्या, आमच्या शाळेत लागल्या आणि इथंच राहिल्या. त्यामुळं त्यांची बोली तीन गावांची झाली होती. रागावल्या की दखनी, शिकवताना पुस्तकी मराठी आणि खूश असल्या की मधूनच कोकणातला एखादा हेल.

पैठणचं धरण भरून नाथसागर पसरला, त्यानंतर काही वर्षांनी आमची सहल तिथं गेली होती. मुली बांधावरून पाणी बघत ओरडत होत्या. आपा कठड्याला हात टेकून उभ्या. मला वाटलं, मुरूडची आठवण आली असेल. जवळ गेले तर म्हणाल्या, "सुमनबाई, एवढं पाणी. क्षितिजापर्यंत पाणी. आणि एकसुद्धा शीड नाही? शोभतं का हे?"

कुणी तरी स्वयंपाकघरात मीठ संपू दिलंय, अशा सुरात.

दीडेक वर्षात होडी आली. मुरूडला सासऱ्यांनीच ती आपल्या देखरेखीखाली बांधून घेतली होती. चौघं-पाचजण बसतील एवढी, निळ्या रंगाची, एका डोलकाठीची. ट्रक घाट चढून थेट पैठणला जायचा, पण अम्मींनी, म्हणजे आपांच्या आईनं, हट्ट धरला, की माझ्या लेकीची वस्तू आहे तर आधी माझ्या दारात येऊ दे. म्हणून ट्रक जुन्या शहरात शिरला आणि एका दरवाजाच्या कमानीत अडकला. होडी नाही अडकली, होडीवर आडवी बांधलेली डोलकाठी अडकली. पुढं जाता येईना, मागं रिक्षा, हातगाड्या, सायकली. सगळं शहागंज गोळा झालं. एक म्हातारा ट्रकभोवती फेरी मारून आला आणि आपांना विचारता झाला, "बेटी, पानी किधर है?"

"आ रा चाचा, पीछे से आ रा," आपा म्हणाल्या आणि साडीचा पदर खोचून ट्रकवर चढल्या. डोलकाठीच्या गाठी त्यांनी एकेक टोक ओढून सोडवल्या, काठी खाली घेतली, लोकांच्या खांद्यावर दिली आणि ट्रक कमानीतून सुटला. पुढं होडीचा ट्रक आणि मागं वीस-पंचवीस माणसांच्या खांद्यावर डोलकाठी, अशी ती वरात अम्मींच्या दारापर्यंत गेली. खालिदभाई दुकानाच्या फळीवर कपाळाला हात लावून बसले होते. शेजाऱ्यांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न. अम्मींनी मात्र होडीवरून हात फिरवला, दुवा केली आणि मग आपांना हळूच विचारलं, "ये डूबती तो नई ना?"

"अम्मी, डूबने से पहले मैं उसको पूछूँगी."

अम्मींना हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

होडीबरोबर सासऱ्यांनी स्वतःचा जुना नांगर पाठवला होता. चार नखांचा, लोखंडी, हाताळून गुळगुळीत झालेला. त्यांच्या तरुणपणापासूनचा. आपा तो एखाद्या दागिन्यासारखा जपायच्या. आणि त्याच नांगरानं पहिल्या महिन्यात त्यांना रडवलं.

आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. मी सोबत म्हणून जायचे. पोहता येत नव्हतं, पण आपांनी ट्यूबचं एक जाकीट करून दिलं होतं, ते घातलं की मला जरा धीर वाटायचा. काठावर काशिनाथ असायचा. त्याचं गाव धरणात गेलेलं. वर मिळालेल्या रानात शेती करायचा आणि उरलेल्या वेळात मासे धरायचा. होडीची राखण त्याच्याकडं होती. आपांनी पहिल्या दिवशी नांगर टाकला तेव्हा तो हसून लोटपोट झाला. "आपा, आमी जल्मभर मातीत नांगर घातला. तुमी पाण्यात घालायल्या व्हय?"

पण नांगर धरेना. टाकला की दोर क्षणभर ताठ व्हायचा, मग सैल, आणि होडी आपली वाऱ्याबरोबर सावकाश निघालेली. वर ओढला की चार नखांच्या मधे काळ्या चिखलाचा हा एवढा गोळा. आपा तो धुवायच्या, पुन्हा टाकायच्या. पुन्हा तेच. काशिनाथचं मत ठरलेलं होतं, "वजन पायजे आपा. जड धोंडा बांधा, कुटं जात नाय मग." त्यांनी तेही करून बघितलं. धोंड्यासकट होडी निघाली.

एका रविवारी मात्र नांगर लागला. असा लागला, की हलेना. आपा खूश झाल्या. जेवणं झाली, निघायची वेळ झाली, तरी तो हलेना. पाण्याखाली बुडालेल्या एखाद्या बाभळीत किंवा जुन्या भिंतीत त्याची नखं अडकली होती. उजवीकडून ओढून झालं, डावीकडून झालं, काशिनाथनं बुडी मारून बघितली. "खाली काय बी दिसंना, नुसता गाळ," तो धापा टाकत म्हणाला. आभाळ भरून येत होतं. शेवटी आपांनी माझ्याकडं हात पुढं केला. "चाकू द्या."

त्यांनी दोर कापला. सासऱ्यांचा नांगर तिथंच राहिला.

परतीच्या एसटीत त्या शहर येईपर्यंत कापलेल्या दोराच्या टोकाला गाठी मारत आणि सोडत होत्या. स्टँडवर उतरल्यावर म्हणाल्या, "मुरूडच्या अब्बांना सांगायला पाहिजे. आज नाही सांगितलं तर कधीच सांगवणार नाही." मी त्यांच्याबरोबर फोन लावायला गेले. मुरूडला शेजाऱ्यांच्या घरी फोन होता, सासऱ्यांना बोलावून आणेपर्यंत वेळ गेला. आपांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी घडलेलं सगळं एका दमात सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पण आपांचा चेहरा बदलत गेला. आधी भुवया वर गेल्या, मग त्या हसल्या, मग डोळे पुसले. फोन ठेवून बाहेर पायरीवर बसल्या.

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, वेडी आहेस का? तो नांगर आमच्या खडकाचा. त्याला चिखलात कशाला नेलंस, बिचारा घाबरून झाडाला मिठी मारून बसला असेल. म्हणाले, मी पाठवला तेव्हा तुझ्या पाण्याचा तळ मला काय ठाऊक? तू विचारायचं होतंस तळाला." त्यांनी मोठा श्वास सोडला. "सुमनबाई, मला वाटलं होतं, म्हातारा कोसळेल. त्यांना नांगरापेक्षा मी सुखरूप आले याचं पडलंय."

आम्ही पायरीवर बसून चहा प्यायलो. त्या चहाची चव मला अजून आठवते. फार गोड होता, पण दोघींनी पूर्ण संपवला.

त्यानंतर 'तळ विचारा' हा आपांचा तकियाकलाम झाला. मैत्रिणीनं मुलीसाठी स्थळ आणलं, की "मुलगा दिसायला चांगला आहे हो, पण तळ विचारला का?" नवीन वसाहतीत मी घर घ्यायला निघाले तेव्हा "पाया नंतर बघा, आधी तळ विचारा." पण पाण्याच्या बाबतीत त्यांनी ते अक्षरशः केलं. ओळंब्याच्या बुडाला अंगाचा साबण चिकटवून त्या तो पाण्यात सोडायच्या. वर काढला की तळाची माती साबणाला चिकटून यायची. प्रत्येक जागेची माती जॅमच्या रिकाम्या बाटलीत. त्या बाटल्या भूगोलाच्या कपाटात नकाशांच्या शेजारी रांगेनं उभ्या राहिल्या. जवळजवळ सगळ्यांत एकच माती, काळी, चिकण, बोटाला सोडायला तयार नाही अशी.

"रान आहे हे," काशिनाथ बाटली हलवून म्हणाला. "कापसाचं रान. पाणी आलं म्हून माती बदलती व्हय?"

दिवाळीच्या सुट्टीत आपा मुंबईला गेल्या आणि जुन्या जहाजांच्या सामानाच्या बाजारातून दोन नांगर घेऊन आल्या. एकाला दोन रुंद, चपटी पाती होती, हाताचे दोन पंजे जोडून पालथे धरावेत तशी. दुसऱ्याला एकच पातं, पण ते खरोखर शेतातल्या नांगराच्या फाळासारखं, टोकदार, दोन्ही बाजूंना उतरतं आणि दांड्याला बिजागरीनं जोडलेलं. वजनानं दोन्ही सारखेच. मी विचारलं, "यातला चांगला कुठला?"

"दुकानदार म्हणाला चपटा. पण दुकानदाराच्या दुकानात पाणी नव्हतं."

पुढच्या रविवारी काशिनाथनं बैलजोडी आणली. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसंही जमली. काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात आपांनी चपटा नांगर टाकला, त्याचा लांब दोर काठावर बैलांच्या जुवाला बांधला आणि म्हणाल्या, "हाका."

बैल निघाले. दोर ताठ झाला. नांगर जरासा सरकला आणि असा रुतला, की बैलांच्या माना खाली गेल्या. पुढचा पाय उचलेना. "आरं बाप्पा!" लोक ओरडले. काशिनाथनं शेपट्या पिरगाळल्या, तरी नांगर जागेवर.

"हाच घ्या आपा," मी म्हणाले. "प्रश्नच मिटला."

"थांबा. वारा काय एका बाजूनं वाहायची शपथ घेऊन येतो का? आता बैल तिकडं न्या. आडवे ओढा."

बैल काठानं लांब नेले आणि बाजूनं ओढायला लावले. चपटा नांगर क्षणभर टिकला, मग एक पातं वर आलं, नांगर उलटला आणि पात्यांमधे चिखल भरून घेऊन सरळ काठाकडं घसरत आला. पुन्हा रुतलाच नाही. बैल जवळजवळ पळत सुटले.

मग फाळाचा टाकला. सरळ ओढल्यावर तो पहिल्यासारखा घट्ट नव्हता. वीतभर सरकायचा, थांबायचा, पुन्हा थोडा सरकायचा. लोक निराश झाले. मग बाजूनं ओढला. दोर फिरला, तसं पाण्याखाली काही तरी वळल्यासारखं झालं, चिखलाचा ढग वर आला आणि बैल थांबले. बिजागरीवर फाळ फिरला होता आणि नव्या दिशेला तोंड करून पुन्हा मातीत शिरला होता. आपांनी तीन बाजूंनी ओढून बघितलं. प्रत्येक वेळी तो थोडा सुटायचा आणि पुन्हा शिरायचा.

"हा," आपा म्हणाल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, चष्म्यावर शिंतोडे.

"पण तो दुसरा जास्त घट्ट होता की," मी म्हणाले.

"होता. पण एकदा सुटला की सुटला. मला चुकल्यावर पुन्हा धरणारा पाहिजे."

काशिनाथ बैल सोडत होता. "कापसाच्या रानाला नांगरच लागतो आपा," तो म्हणाला. "येवढ्यासाठी मंबईला गेल्ता व्हय? मला इचारायचं."

"तू तर धोंडा बांध म्हणत होतास," आपा म्हणाल्या आणि काशिनाथसकट सगळे हसले.

हे सगळं खालिदभाईंच्या कानावर जात होतंच. त्यांचा विरोध मनापासूनचा होता. बहीण विधवा, वय वाढतंय आणि ती रविवारी चिखलात बैल हाकते. त्यात अम्मींना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. आपा पैठणला गेल्या, की अम्मी जानमाजवरून, नमाजाच्या चटईवरून, उठायच्या नाहीत. शेवटी खालिदभाईंनी एक गिऱ्हाईक शोधलं आणि आपांना सांगितलं, की होडी द्यायची. आपा भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "देईन. पण आधी एकदा तू माझ्याबरोबर चल. त्यानंतर तू दे म्हणालास तर देईन."

उन्हाळा सरत आला होता. खालिदभाई इस्त्रीचा सफारी घालून, हातात रुमाल घेऊन आले. भाऊ-बहीण आणि मी, तिघंच होडीत. सकाळ छान गेली. शीड भरलं, होडी कलून पळाली, खालिदभाईंनी दोन्ही हातांनी बाक धरून ठेवलं आणि एकदा चक्क हसलेसुद्धा. दुपारनंतर वायव्येला आभाळ काळंनिळं झालं. आपांनी नाक वर करून वास घेतला आणि तडक होडी काठाकडं वळवली. पण वादळ आमच्याआधी पोचलं.

वळवाचं वादळ काठावरून बघणं वेगळं. पाण्यात त्याला अंग असतं. समोरून एक पांढरी रेघ पाण्यावरून धावत आली आणि होडीला धडकली. आपांनी तेवढ्यात शीड खाली पाडलं होतं. आता होडी नुसती ढकलली जात होती आणि ढकलली जात होती धरणाच्या दिशेनं. धरणाच्या उताराला दगड लावलेले आहेत, माणसाएवढे. त्या दगडांवर लाटा फुटताना मला दिसत होत्या. खालिदभाई कलमा पढायला लागले.

आपा पुढच्या टोकाला गुडघ्यावर बसल्या आणि नांगर सोडला. साखळी खडखडत गेली, मग दोर. त्या दोर सोडतच राहिल्या.

"पुरे ना आपा!" खालिदभाई ओरडले. "दगडं जवळ आली!"

"पूर्ण सोडायचा. दोर लांब सोडला तर नांगर तळाला आडवा राहतो, आखूड सोडला तर उपटून येतो." शेवटचं टोक त्यांनी बांधलं. होडीला हिसका बसला, तिनं वाऱ्याकडं तोंड केलं आणि ती थांबली.

गारा पडायला लागल्या. आपांनी मागं बघून भावाला हाक मारली. आवाज वर्गातला होता. "खालिद! तुझी नजर घड्याळाची आहे. तिकडं काठावर लिंबाचं झाड दिसतंय? त्याच्या मागं पंपहाउस. ते झाडाच्या आड आहे ना? तसंच आड राहिलं पाहिजे. बाहेर दिसायला लागलं तर आपण सरकतोय समज, मला सांग. दुसरीकडं बघायचं नाही."

खालिदभाईंनी रुमालानं कपाळ पुसलं आणि झाडावर डोळे रोवले. "आड है," ते सांगत राहिले. "आड है. आड है, आपा."

आणि मग वारा फिरला. एकाएकी, जणू कुणी दार उघडलं. होडी गर्रकन बाजूला वळली. "निकल गया!" खालिदभाई किंचाळले. "आपा, पंपहाउस निकल गया!"

"निघणारच, आपण फिरलोय." आपा दोरावर तळहात ठेवून बसल्या होत्या, नाडी बघावी तशा. "गुरगुरतोय," त्या म्हणाल्या. दोरातून खालची थरथर त्यांच्या हाताला कळत होती. नांगर सुटला होता, तळावरून घसटत होता. मी दगडांकडं बघितलं आणि नको बघायला म्हणून डोळे मिटले. माझी मुलं डोळ्यांसमोर आली.

"वळ," आपा खाली वाकून दोराला म्हणत होत्या. "वळ रे बाबा. वळ."

होडीनं पुन्हा एक हिसका खाल्ला. या वेळी मऊ. आपांचा हात दोरावर तसाच होता. त्यांनी वर बघितलं. चष्मा गारांनी धूसर झालेला.

"धरलं," त्या म्हणाल्या. "सुमनबाई, उघडा डोळे. धरलं त्यानं."

वादळ आलं तसं गेलं. ढगांच्या खालून पिवळं ऊन पडलं, पाणी दमल्यासारखं हलायला लागलं. दगड होडीपासून इतके जवळ होते, की त्यांच्यावर बसलेला बगळा ओळखू यावा. आम्ही तिघं एकमेकांकडं बघत बसलो. आधी कुणाला हसू आलं माहीत नाही. पण खालिदभाई हसायला लागले ते थांबेनात. सफारी चिंब, केसांत गारा आणि डोळ्यांतून पाणी.

काशिनाथ आपली लहान होडी वल्हवत धावून आला होता. काठावर पाय टेकल्याबरोबर खालिदभाईंनी बूट काढले आणि अनवाणी पायांनी ओल्या मातीत उभे राहिले, नुसते उभे. काशिनाथच्या घरची भाकरी आणि ठेचा त्यांनी अशी खाल्ली, की आपल्या घरच्या दावतीतला नानखलियाही कुणी तसा खात नाही. मग हात धुऊन त्यांनी आपांना विचारलं, "वो नांगर... किसने पसंद किया था?"

"बैलांनी," आपा म्हणाल्या.

घरी अम्मी दारातच होत्या. पैठणकडं वादळ झाल्याची बातमी शहरात पोचली होती. मला वाटलं, आता होडीचा निकाल लागला. पण खालिदभाई पुढं झाले. "अम्मी, होडी बेचना नई. मैं अपनी आँख से देखा. एक दफा छूटा, फिर पकड़ लिया." मग त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, फक्त दगडांचं अंतर जरा वाढवून सांगितलं. अम्मी ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी दोन्ही हात आपांच्या डोक्यावरून फिरवले आणि म्हणाल्या, "उस नांगर को मेरा सलाम बोल."

खालिदभाई पुन्हा कधी होडीत बसले नाहीत. पण दुकानात घड्याळ दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी ही गोष्ट ऐकवली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यात गारा लिंबाएवढ्या झाल्या.

आपा निवृत्त झाल्या, अम्मी गेल्या, मुरूडचे सासरेही गेले. आपा मग आठवड्यातले बरेच दिवस पैठणलाच राहायला लागल्या, काशिनाथच्या वस्तीजवळ दोन खोल्या घेऊन. वस्तीवरच्या बायकांना त्यांनी शीड धरायला शिकवलं. काशिनाथची सून तर आता त्यांच्याहून चांगली होडी हाकते, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि लगेच पुस्ती जोडायच्या, "पण गाठ अजून माझीच."

माझ्या मुलाची बदली नागपूरला झाली आणि मीही त्याच्याकडं जायचं ठरलं. निघण्याआधी आपांना भेटायला मी पैठणला गेले. हिवाळ्यातली दुपार होती, वारा अगदी मंद. धपाट्यांचा डबा बरोबर घेतला होता. खोलीला कडी होती. काशिनाथची सून म्हणाली, "आपा तिकडं हायत बघा, पाण्यात."

काठाशी गेले. हाकेच्या अंतरावर, कधी काळी काशिनाथचं गाव होतं त्या बाजूला, निळी होडी नांगरलेली होती. शीड गुंडाळलेलं. बाकावर छत्री उघडून ठेवलेली आणि छत्रीच्या सावलीत आपा आडव्या झालेल्या. चष्मा छातीवर. एक हात होडीच्या कडेवरून बाहेर लोंबत होता. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर पाण्यात गेले, पण होडीत त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. सदा कुठं तरी नजर, कुठं तरी कान. आता मात्र पुढच्या टोकापासून दोर तिरका पाण्यात गेला होता, होडी त्याच्याभोवती सावकाश इकडून तिकडं हलत होती आणि आपा गाढ झोपल्या होत्या.

"हाक मारू का?" सुनेनं विचारलं. तोंडाभोवती हात धरून ती तयारही झाली होती.

"नको," मी म्हणाले.

डबा तिच्याकडं दिला, धपाटे गरम करून द्यायला सांगितले आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मग एसटी धरली.